नक्कल, अस्सल आणि शिक्का

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एक आयटम दरवर्षी ठरलेला असायचा: नकला. एका वर्षी नववीतल्या एका पोरानं हेडसरांची नक्कल केली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डावा हात पाठीमागे कमरेवर, आणि दर वाक्याच्या शेवटी ‘लक्षात येतंय ना?’ हॉल हसून लोळत होता. हेडसर पहिल्याच रांगेत बसले होते, तेही हसत होते. मग बक्षीस द्यायला ते स्टेजवर गेले, दोन शब्द बोलायला लागले आणि सवयीनं डावा हात पाठीमागे गेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी हात पुढे घेतला, मग खिशात घातला, मग माइकच्या दांड्यावर ठेवला. पाच मिनिटांच्या भाषणात त्या हाताला काही जागा सापडली नाही.

कित्येक वर्षांनी होमी भाभांचा एक गाजलेला निबंध वाचताना मला तो हात आठवला. (अणुशास्त्रज्ञ होमी भाभा ते हे नव्हेत. हे साहित्याचे अभ्यासक. १९४९ साली मुंबईत जन्मले, दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे जिथे शिकले त्या एल्फिन्स्टनमध्येच शिकले, तिथून ऑक्सफर्डला गेले आणि पुढे हार्वर्डला शिकवू लागले.) निबंध १९८४ सालचा, विषय साहेबाची नक्कल करणारा नेटिव्ह. वसाहतोत्तर कादंबरीवर, म्हणजे गोऱ्यांचं राज्य अनुभवलेल्या देशांतल्या लेखकांच्या कादंबऱ्यांवर, चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत या निबंधाचं नाव निघतंच. भाषा मात्र अशी काटेरी, की १९९८ साली एका नियतकालिकानं भरवलेल्या वाईट लेखनाच्या स्पर्धेत भाभांच्या एका वाक्याला दुसरा नंबर मिळाला होता! तेव्हा मुद्दा आपण आपल्या भाषेत सोडवून बघू.

आपल्या भाषेत अर्धं काम आधीच झालेलं आहे, कारण ‘नक्कल’ हा शब्दच बहुगुणी. सरकारी कचेरीत जुन्या फेरफाराची नक्कल मागायची असते, तेव्हा नक्कल म्हणजे मूळ कागदाची शिक्का मारलेली प्रत. जुन्या दप्तरांत तर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा सापडतो, म्हणजे मुळाशी ताडून पाहिलेली, तंतोतंत प्रत. गॅदरिंगमधली नक्कल म्हणजे थट्टा. त्यातूनच निघालेला ‘नकली’ म्हणजे सरळसरळ खोटा. आज्ञाधारक प्रत, टिंगल आणि खोटेपणा, तिन्ही एकाच शब्दाच्या पोटात. भाभांच्या निबंधाचा गाभा जवळपास हाच आहे: साहेबाला हवी होती पहिल्या अर्थाची नक्कल, आणि ती करवून घेता घेता त्याच्या वाट्याला दुसऱ्या अर्थाचीही आली.

हवी होती म्हणजे काय, तर हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दलच्या २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्यानं ते स्वच्छ लिहूनच ठेवलंय. रक्तानं आणि रंगानं हिंदी, पण आवडीनिवडीनं, मतांनी, नीतीनं आणि बुद्धीनं इंग्रज असा एक वर्ग आपल्याला घडवायचा आहे, तो आपल्या आणि आपण राज्य करतो त्या कोट्यवधींच्या मध्ये दुभाष्याचं काम करील. हे वाक्य आपल्याकडे भाषणांत इतक्यांदा फेकलं गेलंय की गुळगुळीत झालंय. पण त्यातली अडचण बघा. हा वर्ग खरोखरच शंभर टक्के इंग्रज झाला, तर त्याच्यावर राज्य कोणत्या तोंडानं करायचं? कंपनीचा एक अधिकारी चार्ल्स ग्रँट यानं १७९२ सालीच हे ओळखलं होतं. हिंदी लोकांना ख्रिस्ती धर्म आणि इंग्रजी चालीरीती द्याव्यात असं त्याचं मत, पण फार दिलं तर हे लोक स्वातंत्र्य मागतील ही धास्तीही होती. म्हणून द्यायचं ते बेताबेतानं. भाभा ग्रँटला याचसाठी साक्षीला बोलावतात. नक्कल अपुरी राहणं हा या कारखान्यातला बिघाड नाही, कारखान्याची रचनाच तशी आहे. नेटिव्ह ‘जवळजवळ तसाच’ झाला पाहिजे, ‘अगदी तसाच’ होता कामा नये. इंग्रजीत ‘क्वाइट’ आणि ‘व्हाइट’ यांचं यमक जुळतं, त्याचा फायदा घेऊन भाभा म्हणतात: जवळजवळ तसाच, पण गोरा नव्हे.

आता दुसरी बाजू. समोर रोज एक जवळजवळ-साहेब उभा राहिला की खऱ्या साहेबाला स्वतःचं साहेबपण दिसायला लागतं. टोपी उचलायची लकब, ओठ न हलवता बोलणं, संध्याकाळचा पेग. ज्याला तो आपला पिंड समजत होता ते दुसऱ्या कुणालाही जमतंय म्हणजे तोही एक वेषच की. नक्कल करणाऱ्यानं मुद्दाम टिंगल केली नाही तरी हे होतं. हेडसरांचा तो हात!

सिद्धांत म्हणून हे फार चतुर आहे. पण मला विचाराल तर भाभांना त्यात साहेबाची फजिती जरा जास्तच दिसते आणि नक्कल करणाऱ्याच्या पोटातलं दुखणं कमी. ते दुखणं बघायला कादंबऱ्यांकडेच जावं लागतं.

सफरचंद

व्ही. एस. नायपॉल १९३२ साली त्रिनिदादमधल्या चग्वानस या गावी जन्मले. त्यांचे पूर्वज गिरमिटिये. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून जहाजं भरभरून माणसं तिकडे नेली गेली, त्यांचा हा वंश. ‘द मिमिक मेन’ ही त्यांची १९६७ सालची कादंबरी. नायक राल्फ सिंग हा कॅरिबियनमधल्या इझाबेला नावाच्या काल्पनिक बेटावरचा राजकारणी. सत्ता गेली, बेट सुटलं, आणि आता चाळिशीत तो लंडनच्या एका उपनगरातल्या हॉटेलात बसून आठवणी लिहितोय. त्याचं खरं नाव रणजित कृपालसिंग. शाळेत असतानाच त्यानं आडनावाचे दोन तुकडे केले आणि पुढे राल्फ चिकटवलं.

हा राल्फ सांगतो की शाळेची त्याची पहिली आठवण म्हणजे बाईंसाठी सफरचंद नेल्याची. मग त्याचाच गोंधळ उडतो. इझाबेलावर सफरचंदं नव्हतीच. ते संत्रं असणार. पण आठवणीत डोळ्यांसमोर येतं ते सफरचंदच.

एवढंसं आहे हे, चार ओळींचं. पण नकलेबद्दल मी वाचलेल्या कित्येक ग्रंथांपेक्षा जास्त सांगून जातं. बाईंना सफरचंद द्यायचं असतं हे त्या पोरानं इंग्रजी पुस्तकात वाचलं. पुस्तक म्हणजे खरं जग, बेट म्हणजे त्याची कच्ची वही. मग स्वतःच्या बालपणातलं फळसुद्धा त्यानं नकळत दुरुस्त करून घेतलं. कपडे, भाषा, चालणं-बोलणं हे वरचं झालं. इथे आठवणीचीच नक्कल झाली, आणि अस्सल कुठे गेलं ते त्याचं त्यालाही सापडत नाही. ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणत आणि स्नोमॅन रंगवत मोठ्या झालेल्या आपल्या पोरांच्या वह्या उघडल्या, तर अशी सफरचंदं टोपलीभर निघतील.

नायपॉलनी यातून काढलेला निष्कर्ष मात्र फार कडू होता. त्याआधी १९६२ मध्ये त्यांनी लिहून टाकलं होतं की वेस्ट इंडिजमध्ये काहीही निर्माण झालेलं नाही. म्हणजे सगळी नक्कलच. याला उत्तर दिलं शेजारच्या सेंट लुशिया बेटावरच्या डेरेक वॉलकॉट या कवीनं, १९७४ सालच्या एका निबंधात. त्यांचं म्हणणं साधारण असं: नक्कल हाही कल्पनाशक्तीचाच खेळ आहे, आणि नक्कल म्हणूनच हिणवायचं तर जगातला पहिला माणूस सोडून सगळेच नकलाकार. त्यांनी दाखला दिला तो त्रिनिदादच्या कार्निव्हलचा, कॅलिप्सो गाण्यांचा आणि स्टील बँडचा. तेलाची रिकामी पिंपं ठोकून ठोकून सुरात आणायची आणि त्यांवर गाणी वाजवायची, हे वाद्य जगात कुठेच नव्हतं. तुम्ही ‘काहीच नाही’ म्हणताय ना, मग या ‘काहीच नाही’तून जे येईल तेही कुणी कधी पाहिलेलं नसेल, असा वॉलकॉटचा टोला. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, वॉलकॉटना १९९२ मध्ये आणि नायपॉलना २००१ मध्ये. भांडण काही मिटलं नाही.

र चा साठा

कादंबरी नसली तरी फ्रान्झ फॅननच्या १९५२ सालच्या पुस्तकातला एक किस्सा इथे आणलाच पाहिजे. फॅनन मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचा, पेशानं मानसोपचारतज्ज्ञ. मार्टिनिकची माणसं ‘र’ खातात अशी फ्रान्समध्ये ख्याती. त्यामुळे तिकडे निघालेला तरुण खोलीत कोंडून घेऊन र घोटतो. असाच एक गडी ल आव्र बंदरात उतरला, ऐटीत कॅफेत शिरला आणि ओरडला, ‘गार्रर्रसों!’ म्हणजे वेटर. इथपर्यंत झकास. पण पुढे बिअरचा ग्लास मागताना दोन्ही शब्दांतले र गिळून बसला. रचा मोठा साठा बरोबर आणला होता, फॅनन म्हणतो, पण वाटप जमलं नाही. ‘हापिस’ तोंडून जाऊ नये म्हणून इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री आरशासमोर ‘ऑफिस’ घोटलेल्यांना हा गडी अगदी आपल्या आळीतला वाटेल.

किस्सा विनोदी आहे, पण त्यातली परीक्षा कोण घेतंय ते बघा. कॅफेतल्या वेटरनं काहीच विचारलेलं नाही. परीक्षक गडी स्वतःच्याच डोक्यात घेऊन उतरलाय. आणि वसाहतोत्तर कादंबरी वाचताना मला नेहमी हाच प्रश्न कामाला येतो: या माणसाच्या नकलेवर शिक्का कोण मारणार आहे? नक्कल वाईट की चांगली यावर वाद घालत बसलं की आपण एकतर नायपॉलच्या बाजूला जाऊन बसतो किंवा भाभांच्या. शिक्का कुणाच्या हातात आहे ते विचारलं की गोष्ट उलगडायला लागते. आणि दर वेळी तो साहेबाच्याच हातात असतो असंही नाही.

चिनुआ अचेबेंच्या ‘नो लाँगर ॲट ईज’ (१९६०) मधला सत्काराचा प्रसंग बघा. नायजेरियातला ओबी ओकोंक्वो हा उमुओफिया गावचा पोरगा. लागोससारख्या शहरांत कामाधंद्याला गेलेल्या गावकऱ्यांनी स्वतःवर कर बसवून, पोटाला चिमटा घेऊन ८०० पौंड जमवले आणि त्याला विलायतेला धाडलं. कशाला? कायदा शिकायला. शेजारच्या गावांशी जमिनीचे खटले चालू होते, त्यांत घरचा वकील असावा म्हणून. हे गणित मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पोरानं तिकडे जाऊन इंग्रजी साहित्य घेतलं!

तरी गावकऱ्यांनी लागोसमध्ये थाटात सत्कार ठेवला. सगळे झब्बेदार अगबाडा किंवा सुटाबुटात. उत्सवमूर्ती मात्र उकडतंय म्हणून नुसत्या शर्टात आली. ही पहिली चूक. मग सेक्रेटरीनं मानपत्र वाचलं, तोंडभर बोजड, अलंकारिक इंग्रजीत, आणि श्रोते तृप्त झाले. उत्तराला ओबी उठला आणि साध्यासुध्या, रोजच्या इंग्रजीत चार वाक्यं बोलला. ही दुसरी चूक. सभेचा चेहराच पडला. आठशे पौंड काय यासाठी मोजले?

गंमत अशी की ओबीचं साधं इंग्रजी हेच खऱ्या इंग्रजाच्या इंग्रजीच्या जास्त जवळचं. सेक्रेटरीचं नकली. पण शिक्का सभेच्या हातात होता आणि सभेला ‘साहेब’ म्हणजे काय याची स्वतःची पक्की कल्पना होती. पुढे ओबीला सरकारात मोठी नोकरी लागते, गोऱ्यांसाठी राखलेल्या पदांपैकी एक. साहेबाची नोकरी म्हणजे साहेबाचा खर्च: मॉरिस ऑक्सफर्ड गाडी, इकोयीतला फ्लॅट, ड्रायव्हर. शिवाय गावाचं कर्ज फेडायचंय, आईवडिलांना पैसे पाठवायचेत, भावाची फी भरायचीय. शेवटी तो लाच घेतो आणि पकडला जातो. कादंबरी सुरूच होते कोर्टात, आणि शिकलेल्या पोरानं असं का केलं ते न्यायाधीशाला काही केल्या समजत नाही.

त्सित्सी डांगारेम्ब्गा यांच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) मध्ये हेच दृश्य घराच्या अंगणात आहे. जागा तेव्हाचं ऱ्होडेशिया, आजचं झिंबाब्वे. तांबू या मुलीचा थोरला भाऊ न्हामो काकांच्या मिशन शाळेत शिकायला जातो आणि सुटीत घरी येतो तो मातृभाषा शोना विसरूनच. बाप खूश, पोरगं शिकलं म्हणून. आईची पंचाईत, तिला इंग्रजी येत नाही. पण एखादा महत्त्वाचा विषय निघाला, सविस्तर बोलायची वेळ आली, की व्याकरण आणि हेलासकट शोना परत येते, आणि विषय संपला की पुन्हा गायब! तांबू हे इतक्या कोरड्या आवाजात सांगते की दोनदा वाचावंसं वाटतं.

त्याच कादंबरीतली न्याशा, काकांची मुलगी, लहानपणीच इंग्लंडमध्ये काही वर्षं राहून आलेली. तिच्याजवळ इंग्रजी खरीखुरी आहे, म्हणून शाळेतल्या मुली तिला जवळ करत नाहीत. वडिलांना गोऱ्यांची शिस्तही हवी आणि घरात खाली मान घालणारी मुलगीही हवी. न्याशा जेवण ढवळते, खाल्लेलं ओकून टाकते, झुरत जाते. एका रात्री ती इतिहासाचं पुस्तक दातांनी फाडते. तिला दाखवायला नेतात तेव्हा गोरा मानसोपचारतज्ज्ञ सांगतो, हिला काही झालेलं नाही, आफ्रिकी माणसांना असले आजार होत नाहीत. म्हणजे भाषा दिली, पुस्तकं दिली, त्यांच्यासकट आलेलं दुखणंही दिलं, पण दुखण्यावर शिक्का मारायला नकार. भाभांचं ‘जवळजवळ तसाच’ मला या एका वाक्यात जेवढं कळलं तेवढं निबंधात कळलं नव्हतं.

नारळ

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर किरण देसाईंच्या ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ (२००६) मधले निवृत्त न्यायाधीश जेमूभाई पटेल. म्हातारपणी कालिम्पाँगला राहतात, चपातीसुद्धा काट्याचमच्यानं खातात, आणि काळेपणा झाकायला तोंडाला पावडर फासतात. असं नुसतं सांगितलं की व्यंगचित्र वाटतं. पण देसाई आपल्याला मागे नेतात, १९३९ साली मुंबईच्या गोदीत. गुजरातमधल्या गावातून आलेला तरुण जेमू विलायतेच्या बोटीवर उभा आहे. खाली धक्क्यावर वडील. समुद्राला वाहायला नारळ दिलाय, आणि वडील खालून ओरडून ओरडून आठवण करतायत, नारळ टाक म्हणून. जेमूला त्या क्षणी वडिलांबद्दल माया वाटते, मायेत कीव मिसळते आणि कीवेत लाज. तो नारळ टाकत नाही.

आईनं वाटेसाठी शिदोरी बांधून दिलीय, पुऱ्या, लोणचं आणि एक केळं. जेवणाच्या हॉलमध्ये काटेचमचे समोर येतील, पोराला धीर झाला नाही तर उपाशी राहू नये म्हणून. केबिनमधल्या सोबत्यानं नाक मुरडल्यावर जेमू पुडकं समुद्रात फेकून देतो. नारळ वाहिला नाही, शिदोरी मात्र वाहिली. म्हाताऱ्या जज्जसाहेबांचा काटाचमचा त्या बोटीवरून आलेला आहे, आणि हे कळल्यावर हसू येत नाही.

यावर तोडगा काय, तर मुळाकडे परत चला, असं म्हणणारी मोठी परंपरा आहे. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांच्या लहानपणी शाळेत गिकुयू ही मातृभाषा बोललेल्या पोराला छड्या बसत, गळ्यात ‘मी गाढव आहे’ असली पाटी अडकवत. पुढे इंग्रजीत नाव कमावल्यावर त्यांनी गिकुयूत नाटक केलं, त्यापायी १९७७च्या अखेरीस तुरुंगात गेले आणि तिथल्या टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांचा देशीवाद याच आळीतला. या माणसांबद्दल मला आदर आहे. पण अस्सल काय हे ठरवायला निघालं की लवकरच अस्सलतेचा नवा कारकून खुर्चीत बसतो आणि तोही शिक्का मागायला लागतो. मराठी कादंबरीचंच घ्या. साचा विलायती, नाव मात्र बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचं. पहिली म्हणून जिचं नाव घेतात ती १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’, लिहिणारे बाबा पद्मनजी ख्रिस्ती झालेले, आणि विषय हिंदू विधवांचे हाल. यातलं अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली, ते चिमट्यानं वेगळं काढून दाखवा.

आणखी एक अडचण आहे, ती महाराष्ट्रात तरी डोळ्याआड करता येत नाही. या सगळ्या सिद्धांतात माणसं दोनच आहेत, साहेब आणि नेटिव्ह. आपल्या गावात तिसराही होता. १९२१ साली मदुराईत गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, आणि बॅरिस्टराचा सूट सोडण्याला त्यागाचं तेज आलं. बाबासाहेबांनी सूट सोडला नाही, आणि आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा सूट आहे. त्याला साहेबाची नक्कल म्हणणाऱ्याला त्या सुटाचा रोख कोणाकडे आहे हेच कळलेलं नाही. कुणी काय नेसावं यावर ज्यांच्या गावात पहारा होता, त्यांच्या लेखी सूट हा गावाला दिलेला जबाब होता.

मुल्क राज आनंदांच्या ‘अनटचेबल’ मध्ये (१९३५, म्हणजे राज्य अजून साहेबाचंच) हा तिसरा माणूस आहे. अठरा वर्षांचा सफाई कामगार बाखा. गोऱ्या पलटणीच्या बराकीत काम करताना त्याला टॉमींच्या, म्हणजे गोऱ्या शिपायांच्या, ‘फॅशन’चं वेड लागलंय. त्यांची जुनी विजार, बूट, कोट. रात्री थंडीनं काकडतो, पण घरातली जाड रजई घेत नाही, कारण टॉमी रजई घेत नाहीत, पातळ ब्लँकेट घेतात. इथपर्यंत तो जेमूभाईंचा धाकटा भाऊ. पण मग तो त्या कपड्यांत बाजारात जातो, जिलेबी घेतो, आपल्याच तंद्रीत चालताना वाटसरूंना बाजूला व्हा म्हणून हाळी द्यायची विसरतो आणि एका सवर्णाला त्याचा धक्का लागतो. भर रस्त्यात शिव्या, गर्दी, शेवटी थोबाडीत. जिलेब्या धुळीत. मारणारा इंग्रज नाही. ‘जवळजवळ तसाच, पण गोरा नव्हे’ या सूत्रात ही थोबाडीत बसत नाही. जेमूभाईंचा काटाचमचा आणि बाखाची विजार एकाच खात्यावर लिहिणारा समीक्षक मला तरी आळशी वाटतो.

शेवटी एका खोलीबद्दल सांगतो. सुदानच्या तायेब सालिह यांची १९६६ सालची अरबी कादंबरी, इंग्रजीत ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’. मूळ अरबी नावातले मौसिम आणि हिजरा हे शब्द मोसम आणि हिजरत म्हणून आपल्याही ओळखीचे. निवेदक इंग्लंडमध्ये एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या इंग्रज कवीवर संशोधन करून नाईलकाठच्या आपल्या गावी परततो. गावात एक नवा माणूस राहायला आलाय, मुस्तफा सईद. शेतकरी, मितभाषी, शेजाऱ्यांसारखाच. एका रात्री दारूच्या अंमलाखाली तो अस्खलित इंग्रजीत कविता म्हणतो आणि निवेदक चमकतो. हळूहळू समजतं, हा एकेकाळी लंडन गाजवून आलेला विद्वान, आणि तिथे त्यानं जे केलं ते भयानक आहे. नंतर एका पुराच्या वेळी मुस्तफा नाहीसा होतो. त्याच्या घरातल्या कायम कुलूपबंद खोलीची किल्ली निवेदकाकडे येते.

निवेदकाला आतून पक्कं वाटत असतं की आपण तसे नाही. आपण शिकून परत आलो, गाव आपलं आहे, आजोबा आपले आहेत, दारातली खजूर आपली आहे. मुस्तफा तो वेगळा, बिघडलेला, नकली.

बऱ्याच दिवसांनी तो ती खोली उघडतो. सुदानच्या त्या रखरखीत उन्हाच्या गावात, आत चक्क विलायती फायरप्लेस आहे, सगळ्या सरंजामासकट. भिंतीभर पुस्तकं, सगळी इंग्रजी. कुराणसुद्धा इंग्रजीत. अरबी पुस्तक एकही नाही. पण हे सगळं दिसतं नंतर. कुलूप काढून तो आत शिरतो तेव्हा काळोख असतो. तो काडी ओढतो. उजेडात समोर एक चेहरा उभा राहतो, कपाळाला आठ्या घातलेला. निवेदक तो ओळखतो आणि त्याचा तिरस्कार उसळून येतो: हाच तो मुस्तफा सईद, माझा वैरी. तो एक पाऊल पुढे जातो. चेहऱ्याला मान फुटते, मानेला खांदे, छाती, मग कंबर आणि पाय. तो आरसा असतो.